गंगारामांच्या हॉटेलातला चहा

मंडळी, राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा कोल्हापूरकरांना नव्यानं सांगायला नको. संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखणारा तो हुकूम आपल्याकडची शाळकरी पोरंही सांगतात. म्हणून आज मी हुकमांबद्दल थोडं आणि गंगाराम कांबळेंबद्दल जास्त बोलणार आहे.

गंगाराम महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून तिथल्याच लोकांनी त्यांना बेदम मारलं. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. परतल्यावर त्यांच्या कानावर हे गेलं आणि मारणाऱ्यांना शिक्षा झाली. प्रकरण इथंच मिटवता आलं असतं. हातावर चार पैसे ठेवले असते, पाठीवरून हात फिरवला असता, तर लोकांनी महाराजांना दयाळू म्हटलं असतं आणि गंगाराम होते तिथंच राहिले असते. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला लावला. भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल उभं राहिलं.

खरी अडचण पुढं होती. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? नोकरी हुकमानं देता येते, गिऱ्हाईक हुकमानं आणता येत नाही. मग महाराज स्वतः गाडी घेऊन हॉटेलाच्या दारात यायचे, गंगारामांना हाक मारून चहा मागवायचे, आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही तोच चहा घ्यावा लागायचा. भर रस्त्यात, सगळ्या गावादेखत. छत्रपती तिथं गिऱ्हाईक होते. देणारा हात गंगारामांचा होता. मला तरी यातच सगळं सापडतं.

याचा देशाशी काय संबंध, असं कुणी विचारेल. ज्याला पावलोपावली अपमान सोसावा लागतो, त्याची निम्मी ताकद तो चुकवण्यातच जाते. कुठल्या दारात थांबायचं, कुठं पाणी मागायचं नाही, कुठं आडनाव सांगायचं टाळायचं. त्या ताकदीवर एखादं शेत पिकलं असतं, एखादा कारखाना उभा राहिला असता. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी ज्या तरुण बाबासाहेबांचं नेतृत्व जाहीरपणे गौरवलं, त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावलं की, मताचा हक्क समान आणि सामाजिक-आर्थिक जीवनात मात्र विषमता, ही विसंगती दूर केली नाही तर विषमतेनं पोळलेली माणसं लोकशाहीचा डोलाराच उडवून देतील. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य नि समता नुसता वरून दिलेला रंग ठरेल, हेही त्याच भाषणातलं.

आणि हे फक्त राजांनीच करायचं असतं असं नाही. आपल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड घ्या. नवरा गेला की त्याच्या प्रेताजवळ बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची. हे करणारे हात बहुतेक वेळा घरातल्याच बायकांचे असतात, आणि त्यातल्या कितीतरी जणींवर तोच प्रसंग येऊन गेलेला असतो. कोरोनात ऐन तारुण्यात विधवा झालेल्या बायका गावोगाव दिसल्या. नुसती हळहळ व्यक्त करून थांबणं सोपं होतं. हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामपंचायतीत ठराव करून ही प्रथा बंद केली. महाराजांच्या स्मृतिशताब्दीचा तोच महिना. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. एका गावाचा कळवळा राज्यभर पोहोचला तो असा.

पण ठराव झाला तरी बांगडीपर्यंत गेलेला हात धरायला त्या क्षणी घरातलंच कुणीतरी लागतं. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. आपल्या गावात हा ठराव झालाय का, ते विचारा. नसेल तर पुढच्या ग्रामसभेत तुम्ही मांडा. आणि झाला असेल, तर त्यानंतर गावात नवरा गेलेल्या बाईच्या घरी हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं का, तेही बघा. गेलं नसेल, तर यंदा ते तुमच्या घरून जाऊ द्या.