अ‍ॅम्बॅसडरच्या पोटाखालून

(विदर्भातल्या एका तालुक्याच्या आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलच्या विद्यार्थ्यांपुढे एका जुन्या फिटरने केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

पोट्टेहो, बाहेर कडुलिंबाखाली ती अ‍ॅम्बॅसडर उभी आहे. काहींनी तिच्यासोबत सेल्फीही काढला, पाहिलं मी. मूळची ही इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. उत्तरपाड्याच्या कारखान्यात तिचं उत्पादन २०१४ पर्यंत चाललं, मग थांबलं. त्यामुळं मापाचा तयार सायलेन्सर पाईप आता मिळेलच असं नाही. पाईप आपणच वाकवायचा आणि वाटही आपणच काढायची.

माझी फजिती आधी सांगतो. लग्नसराई होती, गाडी वऱ्हाडात जायची होती. मी बॉडीखाली जॅक लावला, मागची चाकं लोंबकळत ठेवली आणि ॲक्सलवरून, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या दांड्यावरून, पाईपाची कमान काढली. मधे चांगली चार बोटं जागा. मालक खूश, मीही खूश. दुसऱ्या दिवशी गाडीत सहा माणसं, डिकीत आहेर. पहिल्याच रपट्यावर ठण्ण! मग नवरदेवाच्या दारापर्यंत ठण्ण-ठण्ण. बँडची गरजच पडली नाही.

काहून झालं असं? पाईप बॉडीला टांगलेला असतो आणि ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर वर-खाली होतो. बॉडी उचलली की ॲक्सल खाली लोंबतो आणि मधली जागा मोठी दिसते. ती जागा खरी नसतेच. म्हणून माप घेताना वजन चाकांवर पाहिजे, नाहीतर स्टँड ॲक्सलखाली पाहिजेत. मी तर डिकीत डीएपी खताची दोन पोती टाकतो, शंभर किलो. मग बंप रबर पाहा, म्हणजे ॲक्सल बॉडीवर आपटू नये म्हणून लावलेला रबराचा ठोकळा. ॲक्सल त्याला टेकेपर्यंत वर येऊ शकतो, म्हणून रबरापर्यंत जेवढं अंतर, त्याहून जास्त जागा पाईपाखाली हवी. वर आणखी बोटभर. हे एक माप जमलं तर अर्धं काम झालं.

मग कोणी म्हणेल, ॲक्सलच्या खालूनच न्या की. आपल्या पांदणीवर न्या बरं! बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि मधे मातीचा वरंबा. पावसाळ्यात तोच वरंबा पाईप खरवडून काढतो. वर काळी माती चिकटते, ओल धरते, आणि पाईप बाहेरून सडतो.

आतून सडतो ते वेगळंच. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. लांब गेलात तर वाफ होऊन निघून जातं. पण घर ते बाजार, बाजार ते घर एवढीच गाडी फिरली तर पाईप तापतच नाही, आणि पाणी सायलेन्सरच्या डब्यात साचतं. म्हणून मधे कुठं पोट काढू नका, पाईपाला मागं उतार ठेवा. डब्याच्या सगळ्यात खालच्या जागी तीन मिलिमीटरचं भोक पाडा.

वाटेचा नमुना आधी सळईवर काढा. मऊ सळई गाडीखाली वाकवत न्यायची: इंजिनाचा धूर जिथून बाहेर पडतो त्या मॅनिफोल्डपासून, मागच्या चाकांकडं जाणाऱ्या शाफ्टच्या बाजूनं डब्यापर्यंत, तिथून कमान घेऊन मागं. ब्रेक पाईप, पेट्रोलची नळी, हँडब्रेकची केबल यांपासून लांब. जागाच नसेल तर मधे पत्रा लावा, पण पत्रा आणि पाईप यांच्यात हवा खेळली पाहिजे. पाईप वाकवायचा असेल तर आत वाळू ठासून, तोंडाला मेख मारून गरम करा. वाळू भाजून कोरडी केलेली हवी. ओली असली तर वाफ कोंडते आणि तोंडाची मेख गोळीसारखी सुटते. बोअरवेलचा उरलेला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाईप कोणी आणून देईल, घेऊ नका. वेल्डिंगला जस्ताचा धूर निघतो, रात्री थंडी-ताप भरतो. मी भोगलाय.

टांगायला रबरच हवं. लोखंडी पट्टी चेसिसला थेट वेल्ड करू नका. इंजिन रबरावर डोलतं, त्याच्यासोबत पाईप डोलला पाहिजे. शिवाय तापला की वाढतो. तीन मीटरचा पाईप सरासरी अडीचशे अंशांनी तापला तर नऊ मिलिमीटर. जखडला तर मॅनिफोल्डचा फ्लँज, म्हणजे जोडाची चकती, तडकतो. जुन्या टायरच्या पट्ट्याही चालतात, फक्त पाईपाला त्या टेकू देऊ नका. सगळे क्लँप आधी ढिले ठेवा, पाईप मोकळा लटकला की मग आवळा. गाडी तापून गार झाली की परत एकदा.

शेपूट बॉडीच्या मागं बाहेर आलंच पाहिजे. धूर खाली राहिला तर फटीतून आत येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तोंड जमिनीकडंही वळवू नका. गाडी धुऱ्याजवळ उभी राहते, खाली कुटार नाहीतर वाळकी पऱ्हाटी असते. पेटायला किती वेळ लागतो?

चला आता बाहेर. घड्याळं, अंगठ्या काढून ठेवा. गाडी चालवतच आणलीय, म्हणून हात न लावता तळहाताची मागची बाजू पाईपाजवळ धरून झळ लागते का पाहा, मगच खाली शिरा.