दर्ब म्हणजे आळी

श्रोतेहो, नमस्कार.

मोरोक्कोतल्या फेस शहरात मी चार वर्षं राहते आहे, आणि अजूनही माझ्या घराचा पत्ता मला एका ओळीत सांगता येत नाही. बाब बू जलूद नावाची वेस आहे, बाहेरून निळी आणि आतून हिरवी. तिच्यातून आत शिरायचं. तला स्घीरा या उताराच्या रस्त्याने खाली यायचं. भिंतीत पाण्याचा नळ बसवलेला, रंगीत फरशांचा कोनाडा दिसला की डावीकडच्या बोळात वळायचं आणि कुणालाही विचारायचं, "हिंदिया कुठे राहते?" हिंदिया म्हणजे भारतातली बाई. पुढे एखादं पोर तुमचा हात धरून दारापर्यंत आणून सोडेल.

त्या बोळाला तिथे 'दर्ब' म्हणतात. मी मनातल्या मनात त्याला आळी म्हणते. जुन्या फेसमध्ये मोटार शिरत नाही, शिरूच शकत नाही. गॅसचं सिलिंडर, विटा, फ्रिज, सगळं खेचराच्या किंवा गाढवाच्या पाठीवरून येतं, आणि मागून "बालाक! बालाक!" अशी आरोळी आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं. घरं बाहेरून अगदी कोरी. दार उघडलं की मात्र मध्ये चौक, भोवती खोल्या. पुण्यातल्या आमच्या वाड्याचा चौक आठवून पहिल्या दिवशी मी तिथे बराच वेळ नुसती उभी होते.

जुन्या फेसच्या प्रत्येक मोहल्ल्यात पाच गोष्टी असायलाच हव्यात, असं तिथे सांगतात: मशीद, पाण्याचा नळ, मुलांची कुराणशाळा, हमाम आणि फेर्रान. हमाम म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर, आणि फेर्रान म्हणजे मोहल्ल्याची सामायिक भट्टी. आता घरोघरी गॅसच्या शेगड्या आल्या, भट्ट्या कमी होत चालल्या, पण आमच्याकडची अजून धगधगते आहे. सकाळी बायका घरी पीठ मळतात, गोल जाड रोट्या थापतात, लाकडी फळीवर कापड घालून त्या मांडतात आणि पोरांच्या हाती भट्टीवर पाठवतात. दुपारी त्या भाजून परत येतात. एका वेळी किती घरांच्या रोट्या आत असतात! चिठ्ठी नाही, नंबर नाही. भट्टीवाल्याला कुणाची थाप कशी आहे ते ठाऊक असतं.

माझी पहिली रोटी फुगलीच नव्हती. भाकरीच्या सवयीने मी ती पातळ थापली होती. भट्टीवाल्याने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि "ख्मीरा, ख्मीरा" म्हणाला. खमीर कमी पडलं होतं. शब्द आपलाच निघाला! दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाल्तीने, खाल्ती म्हणजे मावशी, आपल्या पिठातला एक गोळा विरजणासारखा माझ्या हातावर ठेवला. वडीलधाऱ्या बाईला तिथे खाल्तीच म्हणतात. त्यामुळे मला फार सोपं गेलं.

रोटीबद्दलची त्यांची माया मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. रस्त्यात तुकडा पडलेला दिसला तर माणूस वाकतो, तो उचलतो, ओठांना लावतो आणि पाय लागणार नाही अशा उंच जागी, भिंतीच्या खाचेत ठेवून पुढे जातो. शिळी रोटी कचऱ्यात जात नाही; वेगळ्या पिशवीत साठते आणि जनावरांना जाते. 'अन्न हे पूर्णब्रह्म' म्हणत वाढलेल्या माणसाला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही.

भाषेने मात्र दमवलं. तिथली बोली दारिजा. सरकारी कागद बरेचदा फ्रेंचमध्ये, आणि 2011 च्या राज्यघटनेपासून अरबीच्या जोडीला अमाझिग ही तिथली मूळ भाषाही राजभाषा झाली आहे. सरकारी इमारतींवर तिची तिफिनाग लिपी दिसते. दारिजात ओळखीचे शब्द भेटतात आणि फसवतातही. भेटल्यावर विचारतात, "आश खबारक?" त्यातली खबर आपलीच. हिशेब आहे, हमाल आहे, आणि सुट्ट्या पैशांना 'सर्फ' म्हणतात, त्यात आपला सराफ आहे. पण घरमालक 'श्हार' म्हणायचे तेव्हा मला शहर ऐकू यायचं, आणि ते बिचारे महिन्याचं भाडं विचारत असायचे.

र्सीफच्या भाजीबाजारात पहिल्याच आठवड्यात टोमॅटोवाला म्हणाला, "मिया." मिया म्हणजे शंभर. मी मुकाट्याने शंभर दिरहमची नोट दिली. त्याने पंचाण्णव दिरहम माझ्या तळहातावर एकेक मोजून ठेवले. बाजारात लोक अजून रियालमध्ये बोलतात, आणि एका दिरहमचे वीस रियाल होतात. नाणं मात्र रियालचं कुठेच नाही, तो फक्त बोलण्यात उरला आहे. आपण नाही का अजून 'बारा आणे' आणि 'सोळा आणे' म्हणत? त्या माणसाने ठरवलं असतं तर मला कधी कळलंही नसतं. चार वर्षं मी टोमॅटो त्याच्याकडूनच घेते.

आता कागदपत्रांचं. नव्वद दिवसांहून जास्त राहायचं तर परदेशी माणसाला रहिवासाचं कार्ड काढावं लागतं. भाड्याच्या करारावरची सही साक्षांकित करून घ्यायची, फोटो, प्रती, शिक्के. एका कार्यालयातून मला तीनदा परत पाठवलं; दर वेळी नवा कागद कमी. तिसऱ्यांदा मी बाहेर पायरीवर बसून रडले, हे मी लपवत नाही. तेव्हा कोपऱ्यावरच्या 'हानूत'वाल्याने, म्हणजे किराणावाल्याने, सांगितलं, "आधी मुकद्दमला भेट."

मुकद्दम! जुन्या मराठी कागदांत गावच्या पाटलाला मोकदम म्हटलेलं आढळतं, तोच हा शब्द. तिथे तो मोहल्ल्यावर नेमलेला सरकारी माणूस असतो, आणि तुम्ही खरोखर इथे राहता की नाही हे त्याला माहीत असावं लागतं. आमचे मुकद्दम आले ते माझ्याशी फारसं बोललेच नाहीत. ते हानूतवाल्याकडे गेले. त्याने आपली 'कार्नी', उधारीची वही, काढून माझं पान दाखवलं: दूध, अंडी, पुदिना, दर महिन्याला चुकती केलेली बाकी. मग ते भट्टीवर गेले. हमामवालीलाही विचारलं असावं, कारण फेसच्या हिवाळ्यात दर आठवड्याला मी तिथे असतेच. फरशांची घरं आतून बाहेरच्यापेक्षा गार पडतात, आणि गरम वाफेत काळा साबण लावून, खरखरीत पिशवी हातात घालून दुसऱ्या बाईने आपली पाठ घासून दिली की दिवाळीच्या पहिल्या अंघोळीचं सुख मिळतं. ओले केस घेऊन परतताना आळीतलं प्रत्येक माणूस "ब्सहा!" म्हणतं, तुला आरोग्य लाभो. मुकद्दमांनी संध्याकाळपर्यंत होकार दिला.

मी मांस खात नाही याचं तिथे सुरुवातीला सगळ्यांना वाईट वाटायचं. शुक्रवारच्या कुसकुसमधून, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या दाण्यांतून, खाल्ती माझ्यासाठी भोपळा, गाजर, सलगम बाजूला काढायची. तशी उपाशी राहण्याची वेळ कधी आली नाही. 'झालूक' हे सरळ वांग्याचं भरीत, 'बग्रीर' जाळीदार घावनासारखं, आणि थंडीत बाकल्याच्या डाळीचं 'बिसारा' वर जिरं आणि ऑलिव्हचं तेल घालून. एकदा मी खाल्तीच्या शिक्षक मुलाला इब्न बतूताची आठवण करून दिली. 1304 मध्ये तांजियरला जन्मलेला हा प्रवासी दिल्लीत काझी होता, पुढे दौलताबादला आणि नंदुरबारला आला. नंदुरबारच्या मराठ्यांबद्दल त्याने नोंदवलं आहे की ते भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, जीवहत्या त्यांना रुचत नाही. आणि हे सगळं त्याने परतल्यावर, 1355 साली, याच फेसमध्ये लेखनिकाला सांगितलं. मुलाने ते आईला समजावलं. त्यानंतर माझ्या ताटाबद्दल तिने कधी हळहळ केली नाही.

2024 साली होळी रमजानमध्ये आली. रमजानात तिथे घड्याळं तासभर मागे जातात आणि सूर्यास्ताच्या तोफेची सगळी आळी वाट बघते. खाल्तीने माझ्यासाठी बिनमांसाची हरीरा, मसूर-छोल्यांचं दाट सूप, वाडगाभर पाठवली. वाडगा रिकामा कसा परत करायचा? हरभऱ्याची डाळ मला मिळाली नव्हती. मी छोले भिजवून सालं काढली, चहासाठी आणलेला साखरेचा सुळका फोडला आणि पुरणपोळ्या केल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाल्ती स्वतःचं पीठ घेऊन, बाह्या सरसावून माझ्या ओट्याशी उभी. "आत कसं भरलंस ते दाखव." तिचा रोजा होता, चव बघता येत नव्हती. मग मीही बघितली नाही. पुरणात साखर पुरे झाली का, ते आम्ही दोघींनी पातेल्यावर वाकून, वासावरून ठरवलं.