नदी सर्वांत क्षीण असते त्या दिवसाचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

१९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हापासून आजच्या सांगली जिल्ह्याला कारखानदारीची ओळख आहे. पुढे सहकारी साखर कारखाने आले, मिरज आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहती आल्या, विट्याचे यंत्रमाग आले. आणि अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याच्या राष्ट्रीय धोरणामुळे साखर कारखान्यांच्या आसवन्यांनाही, म्हणजे अल्कोहोल तयार करणाऱ्या विभागांनाही, वाढीची दिशा मिळाली. उसाचे बिल वेळेवर जमा झाले की गावातली सोसायटीची थकबाकी फिटते, मुलांच्या फीची सोय होते, बाजारपेठ हलू लागते. म्हणून उद्योग असावेत की नसावेत, हा प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडणार नाही. मला बोलायचे आहे ते परवानगीच्या हिशेबाबद्दल. उद्योगाला वाढीची संमती देताना नदीची आणि हवेची प्रदूषण पेलण्याची ताकद आपण नेमकी कोणत्या दिवशी मोजतो, हा माझा प्रश्न आहे.

२००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत कृष्णेचे रौद्र रूप सांगलीने पाहिले. त्या नदीत काहीही सोडले तरी वाहून जाईल, असे कोणालाही वाटेल. परंतु हीच नदी मार्च-एप्रिलमध्ये वेगळी असते. बहे, डिग्रज, सांगली, म्हैसाळ येथील बंधाऱ्यांवर पाणी अडवले की प्रवाह मंदावतो आणि नदीचे एकापुढे एक तलाव होतात. त्यांत किती पाणी राहील, हे कोयनेतून सोडलेले पाणी आणि ताकारी, टेंभू, म्हैसाळ या सिंचन योजनांचा उपसा मिळून ठरवतात. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्चच्या आसपास संपतो. म्हणजे नदीचा प्रवाह ओसरत जाण्याचा काळ आणि कारखान्यांच्या सांडपाण्याचा काळ एकच आहे. आपल्या खोऱ्यातल्या प्रदूषणाच्या प्रश्नाचे मूळ मला या योगात दिसते.

१९७४ च्या जल प्रदूषण कायद्यानुसार सांडपाणी सोडणाऱ्या प्रत्येक कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून संमतीपत्र घ्यावे लागते. साखर कारखान्याने गाळलेल्या प्रत्येक टन उसामागे प्रक्रिया केलेले सांडपाणी १०० लिटरपर्यंतच सोडावे, आणि ते नदीत जात असेल तर त्याची जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप, ज्याला तंत्रज्ञ बीओडी म्हणतात, दर लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत असावी, अशी मानके आहेत. दिवसाला ५,००० टन गाळप करणारा कारखाना घेतला, तर हे पाणी ५ लाख लिटर होते आणि ते नदीतला सुमारे १५ किलो ऑक्सिजन खाते. एवढा भार नदी सहज पेलू शकते. नियम पाळणारा एकटा कारखाना कृष्णेला मारत नाही, हे कारखान्यांवर टीका करताना आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

आता आसवनीकडे वळू. मळीपासून एक लिटर अल्कोहोल तयार होताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश बाहेर पडतो. गर्द तपकिरी रंगाचे, उग्र वासाचे हे पाणी गावोगाव मळीमिश्रित पाणी म्हणून ओळखले जाते. त्याची बीओडी प्रक्रियेपूर्वी दर लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्या घरात असते. म्हणूनच त्याचा एक थेंबही बाहेर जाऊ नये, ते आटवून खास बॉयलरमध्ये जाळावे किंवा प्रेसमडबरोबर, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाबरोबर, कुजवून त्याचे खत करावे, अशी अट असते. ही अट मोडून रात्रीच्या अंधारात १०,००० लिटरचा एक टँकर ओढ्यात रिकामा झाला, असे समजा. त्यातून ४०० किलो ऑक्सिजनची मागणी निर्माण होते. स्वच्छ पाण्यात दर लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो आणि तो ४ च्या खाली गेला की माशांची धडगत नसते. या हिशेबाने तो एकच टँकर १० कोटी लिटर पाणी माशांसाठी धोक्याच्या पातळीवर आणू शकतो. पुराच्या पाण्यात ही गोष्ट कोणाच्या लक्षातही येणार नाही. बंधाऱ्यात अडलेल्या पाण्यात मात्र किनाऱ्याला मेलेल्या माशांचा खच पडतो.

हाच हिशेब शहरालाही लावला पाहिजे. घरगुती सांडपाण्याची बीओडी साधारण २०० मिलिग्रॅम धरली, तर प्रक्रिया न केलेले १ कोटी लिटर सांडपाणी म्हणजे रोजचे पाच टँकर स्पेंट वॉश झाले, आणि तेही हंगामापुरते नव्हे, तर बाराही महिने. शहराचे सांडपाणी वाहून आणणारा शेरीनाला कृष्णेत मिसळतो ही सांगलीकरांची जुनी व्यथा आहे. त्याचे पाणी उचलून धुळगावच्या शेतीला देण्याची योजना आखली गेली ती याच दुखण्यावर, आणि तरीही हा विषय दर उन्हाळ्यात पुन्हा ऐरणीवर येतो. उद्योगाला कडक नियम आणि नगराला सवलत, अशी विभागणी नदीला समजत नाही, आणि कारखानदारांनी ही तक्रार केली तर ती रास्तच आहे.

तपासणीच्या वेळेबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. सांडपाण्यामुळे साठलेल्या पाण्यात शेवाळ वाढते. दिवसा ते उन्हात ऑक्सिजन सोडते, रात्री मात्र तेच ऑक्सिजन वापरते, त्यामुळे पहाटे सूर्योदयाच्या सुमारास पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करत असतात, आणि हे दृश्य पहाटे जाळी काढायला गेलेल्या माणसाला प्रथम दिसते. सकाळी अकरा-बारा वाजता पाण्याचा नमुना घेतला, तर नदी पहाटेपेक्षा बरी भासते. तक्रार करणाऱ्या मच्छीमाराला खोटे ठरवण्याआधी नमुन्याची वेळ पाहावी.

हवेची गोष्टही ऋतूशी बांधलेली आहे. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते, तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो आणि धूर वर जाण्याऐवजी गावावर पसरून राहतो. नेमक्या त्याच महिन्यांत बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, चालणारे बॉयलर, गुऱ्हाळे, वीटभट्ट्या आणि शेतात पेटवलेले पाचट एकाच वेळी धुरात भर घालतात. कारखान्याजवळच्या गावांत सकाळी दोरीवरच्या कपड्यांवर आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणावर काजळीचे काळे कण बोटाला लागतात. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेची मानके गाठू न शकलेल्या शहरांच्या यादीत सांगलीचे नाव आहे. पीएम १० या धूलिकणांची वार्षिक मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. पण वार्षिक सरासरीत पावसाळ्याची धुतलेली हवा मिसळते आणि डिसेंबरच्या रात्री झाकल्या जातात. दम्याच्या रुग्णाला सरासरीत श्वास घेता येत नाही. चिमणीवर धूळ रोखणारी यंत्रणा बसवलेली असणे वेगळे आणि पहाटे तीन वाजताही ती चालू असणे वेगळे. पाचटाच्या बाबतीत तर दोष शेतकऱ्याचा म्हणून सोडून देता येणार नाही, कारण कुट्टीचे यंत्र वेळेवर भाड्याने मिळाले तर पाचट शेतातच कुजते, ओल टिकते आणि जमिनीचा कस वाढतो.

यासाठी माझे मागणे मर्यादित आहे. नवा उद्योग किंवा जुन्याची वाढ मंजूर करताना त्या कारखान्याचे एकट्याचे आकडे पाहून थांबू नये. एप्रिलमधल्या कृष्णेत आणि डिसेंबरमधल्या हवेत आधीच किती भार आहे, हे मोजून त्यात जागा शिल्लक असेल तेवढीच संमती द्यावी. प्रवाह ठरावीक पातळीखाली गेला की प्रक्रिया केलेले पाणीही नदीत न सोडता स्वतःच्या तलावात साठवण्याचे बंधन असावे. उसात सुमारे ७० टक्के पाणीच असते, ते नीट वापरणाऱ्या कारखान्याला हे अशक्य नाही. चिमणीवरच्या आणि सांडपाण्याच्या नळीवरच्या स्वयंचलित यंत्रांचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज लागावेत. आणि हे सर्व गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी, सप्टेंबरमध्येच, जलसंपदा विभाग, प्रदूषण नियंत्रण मंडळ, महापालिका, कारखाने आणि नदीकाठच्या ग्रामपंचायती यांनी एकत्र बसून लेखी ठरवावे. बंधाऱ्यांतले पाणी कोणत्या आठवड्यात किती असेल आणि कोणी किती सोडायचे, हे वेळापत्रक त्या बैठकीतून बाहेर यावे, आणि मच्छीमारांचा प्रतिनिधी त्या टेबलावर असावा.

नमस्कार.