कालवांची साक्ष

श्रोतेहो, नमस्कार.

कालवाला, म्हणजे समुद्रातल्या एका जातीच्या शिंपल्याला, पळून जाता येत नाही. एकदा चिकटलं की जे पाणी येईल ते गाळून त्यातलं खाणं वेचायचं, हाच त्याचा जन्म. मोठं कालव एका दिवसात शंभर लिटरहून जास्त पाणी गाळू शकतं. त्या पाण्यात कॅडमियम, शिसं, पारा असेल तर तेही कणाकणाने त्याच्या मांसात साठतं. पाण्यात सांडलेल्या तेलातले विषारी घटक मासा आपल्या यकृतात बऱ्याच अंशी मोडून टाकतो, शिंपल्यांना ते फारसं जमत नाही.

म्हणूनच किनाऱ्याची तब्येत पाहायला नुसती पाण्याची बाटली पुरत नाही. बाटलीत त्या घडीचं पाणी येतं आणि पुढच्या भरतीला ते बदलतं. मांसात मात्र कित्येक आठवड्यांचा हिशेब असतो. एडवर्ड गोल्डबर्ग या शास्त्रज्ञाने १९७५ साली हीच कल्पना मांडली आणि १९८६ पासून अमेरिकेच्या किनाऱ्यांवर शिंपल्यांची नियमित तपासणी सुरू झाली.

फ्रान्समधल्या आर्काशोंच्या खाडीत काय झालं, ते ऐका. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथे कालवांची पिल्लं धरेनात. मोठ्या कालवांचे शिंपले बेढब, जाड होऊ लागले. कारण निघालं बोटींच्या बुडाला लावायच्या रंगात, त्यातल्या ट्रायब्युटिलटिन या कथिलाच्या संयुगात. लिटरभर पाण्यात त्याचे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश भागही कालवांना भोवतात. १९८२ साली फ्रान्सने लहान बोटींवर या रंगाला बंदी घातली आणि पुढे कालवांची पैदास पुन्हा सावरली. जगभरातल्या जहाजांवरची बंदी लागू व्हायला मात्र २००८ उजाडलं. मधली ती पंचवीसहून अधिक वर्षं मला फार अस्वस्थ करतात.

तपासणीत माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे सातत्य. जागा तीच, आकार तोच, हंगामही तोच हवा. अंडी सोडल्यावर शिंपल्याचं मांस आटतं, त्यामुळे धातूचं प्रमाण वाढल्यासारखं दिसतं. गेल्या वर्षी अंडी सोडण्याआधीचा नमुना आणि यंदा नंतरचा, अशी तुलना केली तर नसलेलं प्रदूषण दिसेल, आणि उलट केली तर असलेलं झाकलं जाईल.

आणि एक गैरसमज. शिंपले स्वच्छ पाण्याच्या टाकीत दोन दिवस ठेवले की निर्धोक होतात, असं अनेकांना वाटतं. त्याने जिवाणू बरेच कमी होतात, हे खरं. पण कॅडमियम मांसातल्या प्रथिनांना घट्ट धरून बसतं, ते उतरायला महिने लागतात. शिजवूनही धातू नष्ट होत नाही. युरोपीय संघात किलोभर ओल्या मांसात कॅडमियमची मर्यादा १ मिलिग्रॅम आहे, शिशाची १.५. ती ओलांडलेला माल विकता येत नाही. म्हणून तपासणीचा निकाल कालवांची शेती करणाऱ्याच्या हाती काढणीच्या आधी पडायला हवा. माल बाजारात गेल्यावर आलेल्या कागदाचा त्याला काही उपयोग नाही, आणि ज्याने ते कालव खाल्लं त्यालाही नाही.

नमस्कार.