देवाला कोणाचे नाव सांगावे?

श्रोतेहो, नमस्कार.

२८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले. तमिळनाडूतून आलेल्या मठाधिपतींच्या मंत्रोच्चारात सेंगोल हा राजदंड स्थापन झाला आणि पुढे सर्वधर्म प्रार्थनाही झाली. राज्यकर्त्यांच्या समारंभात धर्मगुरूंनी प्रार्थना करावी का, हा जुना वाद तेव्हा पुन्हा पेटला. तो दिल्लीपुरता नाही. आपल्या खानदेशातील प्रत्येक भूमिपूजनाशी आणि लोकार्पणाशी त्याचा संबंध आहे.

या संदर्भात अमळनेर तालुक्यातील एक प्रसंग सांगतो, आणि तो सविस्तर सांगतो. बोरी नदीकाठच्या एका गावात नळपाणी योजनेचे लोकार्पण होते. चैत्रातले ऊन होते आणि चार दिवसांआड पाणी मिळणाऱ्या त्या गावातील बाया मांडवाबाहेर हंडे घेऊन उभ्या होत्या. गावातील वृद्ध कीर्तनकार महाराज आणि मशिदीतील मौलाना आशीर्वचनासाठी व्यासपीठावर शेजारीशेजारी बसले होते. सत्कारांतच तास गेला. शाल-श्रीफळात जाणारा वेळ हा उन्हात उभ्या असलेल्या माणसांचा असतो, असे माझे ठाम मत आहे. अखेर महाराजांचे नाव पुकारले गेले, तेवढ्यात एका कार्यकर्त्याने त्यांच्या हाती चिठ्ठी दिली. प्रमुख पाहुण्यांना येत्या निवडणुकीत यश लाभो, हेही देवाकडे मागावे, असे तिच्यात लिहिले होते. महाराजांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून परत केली आणि ध्वनिक्षेपकाकडे न जाता, मौलानांचा हात धरून ते व्यासपीठावरून खाली उतरले. मांडव स्तब्ध झाला. कार्यकर्ता मागोमाग धावला, तेव्हा नळाच्या ओट्याजवळ थांबून महाराज म्हणाले, "भाऊ, पानी समदास्नं शे, मंग देवले एकनंच नाव कसं सांगू?" मग त्या दोघांनी हंड्यांच्या रांगेत उभे राहून, एकाने अभंग म्हणून आणि दुसऱ्याने दुआ मागून, गावासाठी पाणी मागितले.

गावासाठी मागितले, पाहुण्यांसाठी नव्हे. पुन्हा सांगतो, गावासाठी.

हाच विवेक आपल्या संविधान सभेनेही दाखवला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी सभेचे सदस्य ह. वि. कामत यांनी संविधानाच्या उद्देशिकेचा, म्हणजे प्रस्तावनेचा, आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, अशी दुरुस्ती सुचवली होती. श्रद्धेची सक्ती होऊ नये म्हणून हृदयनाथ कुंझरू यांनी तिला विरोध केला आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी ती फेटाळली गेली. पदाची शपथ मात्र ईश्वरसाक्ष घ्यावी की गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे, याची निवड घेणाऱ्यावर सोडली आहे. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती अभय ओक यांनी न्यायालयाच्या कार्यक्रमांत पूजेऐवजी उद्देशिकेसमोर नतमस्तक व्हावे, असे सुचवले, तेही पिंपरी-चिंचवड येथील न्यायालय इमारतीच्या भूमिपूजनालाच.

मी स्वतः श्रद्धाळू आहे. प्रार्थनेला माझा विरोध नाही. परंतु शासकीय व्यासपीठ सर्वांच्या करातून उभे राहते, म्हणून तेथून एका नेत्यासाठी केलेली प्रार्थना मला देवाचाही आणि गावाचाही अपमान वाटते. ज्या सरपंचांकडे लोकार्पण ठरले असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रार्थना सकाळीच मंदिरात, मशिदीत, विहारात होऊ द्यावी, आणि व्यासपीठावर गावातील शाळकरी मुलीकडून उद्देशिका वाचून घ्यावी. त्यानंतर सत्कारांच्या आधी नळ सोडावा.

नमस्कार.