ऐतवारची गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

माझी सात वर्षांची मुलगी दीड वर्षापासून रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेत आहे. लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा हा कर्करोग आहे आणि त्याचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतात, त्यामुळे दवाखान्याचा दिवस हा आमच्या घराचा एक वारच होऊन बसला आहे.

त्या दिवशी आम्ही खानापूरहून पहाटेच्या बसने बेळगावला निघतो. पाठीच्या मणक्यात इंजेक्शन द्यायचे असेल तर मुलीला उपाशी न्यावे लागते, म्हणून मीही तिच्यासमोर चहा घेत नाही. पोहोचताच रक्त काढतात आणि मग आम्ही काउंटची, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीची, वाट पाहत बसतो. त्या व्हरांड्यात कोणी कोणाला गाव विचारत नाही, काउंट विचारतात. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फारच कमी झालेल्या असल्या तर त्या दिवशीचे औषध पुढे ढकलतात आणि उपाशी आलेले मूल तसेच परत न्यावे लागते. काउंट ठीक असेल तर शिरेतून व्हिन्क्रिस्टीन देतात. हे औषध मूळचे आपल्या परसातल्या सदाफुलीचे आहे. मात्र हे ऐकून कोणी तिची पाने वाटून मुलाला देऊ नयेत, कारण त्या झाडात विषही आहे आणि मात्रा ठरवणे हे घरचे काम नव्हे.

आता मला जे सांगायचे आहे ते सांगते. शिरेतल्या जड औषधांचा काळ संपला आणि पुढची औषधे घरी तोंडाने द्यायची ठरली, त्या दिवशी मला दोन प्रकारच्या गोळ्या मिळाल्या. कार्ड इंग्रजीत होते. गर्दी होती, मुलगी पेंगत होती, आणि दोन्ही गोळ्या रोज रात्री द्यायच्या असे मी समजून बसले. शेजारी सौंदत्तीकडच्या एक बाई मुलाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हते आणि माझे कन्नड बसवरच्या पाट्या वाचण्यापुरते. त्यांनी माझ्या हातातल्या दोन गोळ्यांपैकी मेथोट्रेक्सेट नावाच्या गोळीचे पाकीट ओळखले, एक बोट वर केले आणि म्हणाल्या, "वारक्कोम्मे." मी मान डोलावली, कारण वार म्हणजे दिवस, म्हणजे रोज एकदा, असाच अर्थ मला लागला. माझी मान ज्या सहजपणे हलली तिचाच त्यांना संशय आला असावा. मुलाला बाकावर ठेवून त्यांनी मला भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी नेले, रविवारच्या चौकोनावर बोट ठेवून "ऐतवार" म्हणाल्या, पुढचे सहा दिवस तळहाताने झाकले आणि बोट थेट पुढच्या ऐतवारावर ठेवले. कन्नडात वार म्हणजे आठवडा, हे मला त्या तळहाताने शिकवले. मी तशीच सिस्टरांकडे गेले. त्यांनी कार्ड पाहून सांगितले की एक गोळी रोजची आहे आणि ही दुसरी आठवड्यातून एकदाच द्यायची आहे, आणि पाकिटावर लाल शाईने तसे लिहून दिले. आठवड्याची ती मात्रा रोज पोटात गेली असती तर तोंड सोलवटले असते, काउंट कोसळला असता आणि मुलीच्या जिवावर बेतले असते.

आमच्या सीमाभागात पाट्यांच्या भाषेवरून पुष्कळ बोलले जाते. माझे मागणे एवढेच आहे की घरी द्यायच्या औषधांचे कार्ड त्या आईच्या भाषेत असावे. तिची भाषा कन्नड असेल तर कन्नडात, मराठी असेल तर मराठीत.

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी आजच पाकिटे बाहेर काढावीत, कोणती गोळी रोजची आणि कोणती आठवड्याची हे डॉक्टरांना किंवा सिस्टरांना पुन्हा विचारावे, आणि आठवड्याच्या गोळीवर वार लिहून घ्यावा. पुन्हा सांगते, वार लिहून घ्यावा. आणि अंग तापले, तापमापकात पारा १००.४ वर गेला, तर आपल्या मनाने गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्रीच दवाखाना गाठावा.

दर ऐतवारी रात्री गोळी घेतली की माझी मुलगी कॅलेंडरावर हात पसरते. तिच्या तळव्याखाली चारच दिवस मावतात, म्हणून उरलेल्या दोन दिवसांवर मी बोटे ठेवते.