अंदाजपत्रकातला बर्फ

[दृश्य: हिवाळ्यातली सकाळ. डोंगरउतारावरची मोठी घरं. सगळीकडे बर्फ, एका घरासमोर कोरडी फरसबंदी. तिच्यावरून वाफ निघते आहे.]

रात्रभर बर्फ पडलाय. छपरं पांढरी, झाडं पांढरी, कुंपणं निम्मी गाडली गेलेली. या एका घरासमोरची फरसबंदी मात्र कोरडी ठणठणीत. कुणी फावडं चालवलेलं नाही. फरशीखाली नळ्यांचं जाळं अंथरलेलं आहे, त्यातून गरम पाणी फिरत राहतं आणि ते तापवायला आत बॉयलर चालू असतो. अंगणात पडलेला बर्फ वितळवण्यासाठी घरात इंधन जळतंय. अशी कितीतरी घरं वर्षातला बराच काळ कुलूपबंद असतात.

हे ॲस्पेन. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर वसलेलं, जेमतेम सात हजार कायम वस्तीचं गाव. चांदीच्या खाणींमुळे ते उभं राहिलं. १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळला आणि बघता बघता ओस पडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर स्कीइंग आलं, माणसांना उतारावर चढवणाऱ्या लिफ्ट आल्या, पैसेवाले पाहुणे आले आणि गाव पुन्हा भरलं. सगळं गाव एकाच धंद्याला टांगून ठेवलं की काय होतं, हे ॲस्पेननं एकदा भोगलेलं आहे. आता त्याचा धंदा बर्फ आहे.

२००० साली ॲस्पेन आणि त्याच्या पिटकिन काउंटीनं बांधकाम परवानगीच्या नियमांत एक कलम घातलं. अंगणातला बर्फ वितळवायचाय? उघड्यावरचा तलाव तापवायचाय? जरूर. पण त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या बदल्यात आपल्याच जागेवर सौर किंवा तशी दुसरी यंत्रणा बसवा, नाहीतर शुल्क भरा. हे शुल्क नगरपालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळत नाही. त्याचा निधी वेगळा. त्यातून गावातल्या इमारतींना उष्णतारोधक थर बसतो, छपरांवर सौर पॅनेल चढतात, जुनी उपकरणं बदलली जातात. वर्षानुवर्षं या निधीत लाखो डॉलर जमा होत आलेत.

शुल्क भरलं की बॉयलर चालूच राहतो, हा या योजनेतला दोष खराच. तरीही आपण सुरुवात तिच्यापासून केली. पर्वतावरच्या कुठल्याही पर्यटनगावात हवामानाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, पैसा कुठून आणायचा? इथे निदान एक उत्तर तरी समोर दिसतं. जो जास्त जाळतो त्याच्याकडून घ्यायचा, आणि घेतलेला पैसा दुसरीकडे वळू द्यायचा नाही.

[दृश्य: नगरपालिकेचं सभागृह. टेबलावर अंदाजपत्रकाची जाड प्रत.]

अशा गावाचं उत्पन्न बघा. खरेदीवरचा कर, हॉटेलातल्या मुक्कामावरचा कर, वाहनतळाचं भाडं, मालमत्ता कर. मालमत्तेची किंमतही शेवटी इथल्या हंगामावरच ठरते. हंगाम चांगला गेला तर तिजोरी भरते. बर्फ उशिरा आला, किंवा धुरानं आणि पुरानं पाहुणे परत फिरले, तर त्याच वर्षी ती रिती होते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि आड आटतोय. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीनं, आयपीसीसीनं, २०१९ च्या विशेष अहवालात नोंदवलं आहे की पर्वतीय प्रदेशांतलं तापमान अलीकडच्या दशकांत दर दहा वर्षांना सरासरी ०.३ अंश सेल्सिअसनं वाढत आलंय. ढोबळ हिशेबानं तापमान एक अंशानं वाढलं की हिमरेषा सुमारे दीडशे मीटर वर सरकते. गाव आहे तिथेच राहतं. जो पाऊस पूर्वी बर्फ होऊन पडायचा, तो पाणी होऊन पडतो आणि वाहून जातो.

यावर पटकन सुचणारा उपाय म्हणजे कृत्रिम बर्फ. पाणी दाबानं हवेत फवारायचं आणि गोठवायचं. त्यासाठी तळी खोदायची, पंप बसवायचे, वीज जाळायची. पण हवा पुरेशी थंड आणि कोरडी नसेल तर ही यंत्रं काहीच करू शकत नाहीत. ज्या हिवाळ्यात त्यांची सर्वाधिक गरज, नेमकी त्याच हिवाळ्यात ती गप्प उभी. फ्रान्सच्या लेखापरीक्षण न्यायालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या पर्वतीय स्कीस्थळांचा हिशेब मांडला. बहुतेक ठिकाणी बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचे प्रयत्न अपुरे आहेत आणि कृत्रिम बर्फ हे तात्पुरतं संरक्षण आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं. हे संरक्षण बऱ्याचदा जनतेच्या पैशातून उभं राहिलेलं असतं.

मग पैसा आधी कुठे घालायचा?

माझं मत असं, की जी वस्तू सर्वांत जास्त काळ टिकणार आहे, तिचा विचार सर्वांत आधी करावा. यंदा बसवलेला बॉयलर वीस-पंचवीस वर्षं चालतो. रस्त्याखाली घातलेली मोरी पन्नास वर्षं तशीच राहते. यंदाच्या सभेत हात वर करणारे तेव्हा पदावर नसतील, कित्येक जण हयातही नसतील, पण त्यांनी ठरवलेल्या पाइपाच्या व्यासावरच गावाला भागवावं लागेल.

[दृश्य: डोंगररस्त्याखालची मोरी. सिमेंटचा पाइप, तोंडाशी अडकलेल्या फांद्या, दगड, गाळ.]

ही मोरी जवळून बघा. एरवी तिच्याकडे कुणाची नजर जात नाही. वरून गाड्या जातात, खालून ओढा जातो. पाइप केवढा घालायचा हे ती बांधली तेव्हा पावसाच्या जुन्या नोंदींवरून ठरलं. पण हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, आणि ते डोंगरावर एकदम मोकळं होतं. वरच्या उतारावर वणवा लागून गेला असेल तर जमीन पाणी मुरवून घेत नाही. राख, लाकडं, दगड घेऊन लोंढा या तोंडाशी येतो. तोंड तुंबतं, पाणी रस्त्यावर चढतं, भराव खालून पोखरला जातो आणि रस्ता खचतो. पर्वतावरच्या गावाला वर येणारा रस्ता बहुधा एकच असतो.

रस्ता दुसऱ्या कामासाठी उकरलेलाच असेल, तर मोठा पाइप घालायला जादा खर्च फार येत नाही. खोदाई तीच, मजुरी बरीचशी तीच. रस्ता वाहून गेल्यावर मात्र तीच मोरी तातडीच्या कामाच्या दरानं बांधावी लागते आणि तोवर हॉटेलं रिकामी. म्हणून वेगळा ‘हवामान प्रकल्प’ काढण्याआधी बांधकाम खात्याची पुढच्या पाच-दहा वर्षांची कामांची यादी उघडावी. त्यातल्या प्रत्येक कामापुढे दोन रकाने वाढवावेत: हे काम पूर्ण आयुष्यभर चालवायला किती इंधन लागेल, आणि वाढत्या पावसात, उन्हाळ्यात, वणव्यात ते टिकेल का? पर्यावरण खात्याला चिमूटभर तरतूद द्यायची आणि बाकीची सगळी खाती जुन्याच पद्धतीनं चालवायची, याला प्राधान्य म्हणत नाहीत.

पाण्याचं महत्त्व पटवायला सिमला पुरे. मे २०१८ मध्ये ऐन हंगामात तिथले नळ आटले. हिवाळ्यात बर्फ कमी पडला होता, जुन्या नळांतून गळती होती आणि खालच्या खोऱ्यांतून पाणी वर चढवायला पंपच हवेत. लोक रस्त्यावर उतरले, पर्यटकांनी सध्या येऊ नये असं रहिवासीच सांगू लागले, उन्हाळी महोत्सव पुढे ढकलावा लागला. त्याच वर्षी ॲस्पेनलाही पाणीवापरावर निर्बंध आणावे लागले. तिथलं पाणी कॅसल क्रीक आणि मरून क्रीक या दोन ओढ्यांचं, म्हणजे वितळलेल्या बर्फाचंच. गळती काढण्याच्या कामाचा फोटो छान येत नाही, उद्घाटनाची फीतही कापता येत नाही. तरी ते वरच्या क्रमांकावर हवं, कारण वाचलेल्या प्रत्येक बादलीबरोबर ती वर चढवण्याची वीजही वाचते.

[दृश्य: रात्रीचा डोंगर. दूरवर वणव्याची लाल रेघ. विजेचे मनोरे.]

वीज. २०१५ मध्ये ॲस्पेनच्या नगरपालिकेची वीज पूर्णपणे अक्षय स्रोतांची झाली. जलविद्युत, पवन आणि थोडा कचराभूमीतला वायू. अमेरिकेत हा टप्पा गाठणारं ते तिसरं शहर. बातमी खूप गाजली, गाजायलाच हवी होती. पण ही वीज गावाच्या एका भागालाच मिळते. उरलेल्या भागाला होली क्रॉस ही सहकारी संस्था पुरवते. आणि घरं तापतात ती मुख्यतः नैसर्गिक वायूवर. गावाच्या उत्सर्जनात सर्वांत मोठा वाटा इमारतींचाच आहे. तेव्हा वीज स्वच्छ झाल्यावर पुढचा डॉलर भिंती, छपरं, खिडक्या आणि बॉयलर यांच्याकडे जायला हवा. हे काम घरोघरी जाऊन करावं लागतं, म्हणून वेळ खातं.

३ जुलै २०१८ रोजी खोऱ्याच्या खालच्या अंगाला, बसॉल्ट गावाजवळ वणवा पेटला. लेक ख्रिस्टीन वणवा म्हणून तो ओळखला जातो. ॲस्पेनकडे वीज आणणाऱ्या बहुतेक वाहिन्या त्यानं बंद पाडल्या. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, म्हणजे ४ जुलैच्या गर्दीत सगळं गाव अंधारात जायचं थोडक्यात वाचलं. स्वच्छ वीज विकत घेतली म्हणून ती घरापर्यंत पोहोचेलच असं नाही, हे त्या रात्री खोऱ्याला दिसलं. तेव्हापासून तिथे बॅटऱ्या आणि स्थानिक विद्युतजाळी यांवर गांभीर्यानं खर्च होऊ लागला.

वाहतुकीबद्दल थोडक्यात. जमिनी इतक्या महाग की हॉटेलात खोल्या आवरणारे, स्वयंपाक करणारे, शाळेत शिकवणारे बरेच जण खोऱ्यात खाली राहतात आणि रोज वर येतात. या खोऱ्यातल्या गावांनी मिळून बससेवा चालवली आहे. २०१३ मध्ये तिच्यात जलद बसमार्ग सुरू झाला, अमेरिकेच्या ग्रामीण भागातला पहिला. २०१८ मध्ये मतदारांनी तिच्यासाठी मालमत्ता कर मंजूर केला. कोलोराडोत नवा कर लावायचा तर १९९२ पासून मतदारांची संमती लागते. तेव्हा लोकांना करच नको असतो, ही तक्रार इथे तरी टिकली नाही. पैसा कशाला लागणार हे नीट सांगितलं, बस वेळेवर आली, लोकांनी कर दिला.

सगळंच इतकं सरळ नसतं. कॅसल क्रीकवर छोटं जलविद्युत केंद्र बांधायला मतदारांनी २००७ मध्ये ५५ लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना संमती दिली. १८८५ च्या सुमारास, खाणींच्या काळातच, पाण्याच्या जोरावर वीज तयार करणारं हे गाव. योजना त्याला शोभणारीच होती. टर्बाइनसुद्धा विकत घेतलं गेलं. मग प्रश्न उभा राहिला, की इतकं पाणी वळवलं तर ओढ्याचं काय? त्यातल्या माशांचं, काठच्या झाडीचं काय? २०१२ च्या मतदानात गावानं अगदी थोडक्या फरकानं योजना नाकारली. दोन्ही बाजूंची माणसं निसर्गावर जीव असलेलीच. मला या प्रकरणातून एवढंच दिसतं, की ओढ्यात किमान किती पाणी राहू द्यायचं हा हिशेब यंत्र घेण्याआधी व्हायला हवा. सल्लागाराचा अभ्यास महाग वाटतो, पण न वापरलेलं टर्बाइन त्याहून महाग पडतं.

एक आक्षेप प्रत्येक सभेत येतो. आपण सगळं बंद केलं तरी आपला बर्फ वाचणार आहे का? नाही वाचणार. सात हजारांच्या गावाचं उत्सर्जन जगाच्या मानानं नगण्य आहे, आणि पाहुण्यांच्या विमानांवर तर नगरपालिकेचा काडीचाही हक्क चालत नाही. पण वर सांगितलेल्या कामांतली निम्मी कामं, म्हणजे मोरी, नळ, बॅटऱ्या, गावाच्या स्वतःच्या बचावाची आहेत. उरलेली निम्मी दरवर्षीचं इंधनाचं बिल खाली आणतात. ती वाचलेली रक्कम सर्वसाधारण खर्चात विरघळू न देता पुढच्या इमारतीसाठी फिरती ठेवली, तर पहिल्या वर्षीच्या तरतुदीतून कितीतरी छपरं होतात. यासाठी ठराव लागतो, आणि मंदीच्या वर्षीही त्या रकमेला कात्री न लावण्याची हिंमत लागते.

[दृश्य: फ्रान्स, जुरा पर्वत. हिरवळ दिसणारा स्कीचा उतार, वर थांबलेल्या लिफ्टच्या खुर्च्या.]

काही ठिकाणी प्राधान्य ठरवणं म्हणजे एखादा खर्च न करणं. फ्रान्समधलं मेताबिएफ हे कमी उंचीवरचं स्कीस्थळ. तिथल्या सार्वजनिक व्यवस्थापनानं २०२० च्या सुमारास हिमस्थितीचे अंदाज समोर ठेवून ठरवलं की २०३० ते २०३५ च्या दरम्यान उतारावरचं स्कीइंग थांबेल असं धरून चालायचं. तेवढ्यानं गाव लगेच बंद झालं नाही. जुन्या लिफ्टच्या जागी नव्या आणण्याचा मोठा भांडवली खर्च थांबवला, आणि आहेत त्या लिफ्ट कसून देखभाल करून शेवटच्या हंगामांपर्यंत चालवायच्या असं ठरलं. नवी लिफ्ट घेतली असती तर तिचं कर्ज फेडायला कित्येक हिवाळे लागले असते, आणि ते हिवाळे येतील याची खात्री आता कुणीच देत नव्हतं. तंत्रज्ञांना काम राहिलं. वर्षाच्या इतर ऋतूंत चालणारे उद्योग उभे करायला गावाला दहा-पंधरा वर्षांची मुदत मिळाली.